गोष्ट आधी कुणाला सांगायची?

नंदुरबार जिल्ह्यात कथा लिहायला बसणाऱ्या माणसापुढे कथानकाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. पहिलं वाक्य कुठल्या बोलीत उमटू द्यायचं? २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. धडगावच्या डोंगरात पावरी, अक्कलकुव्याकडे वसावी-देहवाली, नवापूरकडे मावची, तापीकाठच्या गावांत अहिराणी आणि गुजरी, बाजारपेठेत गुजराती आणि हिंदी. शाळेत, कचेरीत आणि छापील पानावर मराठी. इथल्या लेखकाची गोष्ट कागदावर येते तेव्हा ती निदान एक भाषा ओलांडून आलेली असते.

कथा-कादंबरी कशी लिहावी याचे सल्ले आज पुष्कळ मिळतात. आधी आराखडा करा, पात्रांच्या कुंडल्या मांडा, रोज ठरावीक शब्द लिहा, पहिला खर्डा भराभर उरका आणि मग निर्दयपणे काटछाट करा. यातलं काहीच चूक नाही. पण हे सगळे सल्ले गोष्टीची सुरुवात कागदावर होते असं धरून चालतात. सातपुड्याच्या पायथ्याशी तसं होत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर बायका दिवसभर देठ खुडत बसतात, उन्हाळ्यात धडगाव-मोलगीकडे घरोघरी आमचुरासाठी कैऱ्या सोलल्या-चिरल्या जातात. हात कामात असतात आणि तोंडाला सुट्टी नसते. कुणाची सून परत आली, कोण ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला, कुणाच्या शेतात बिबट्या दिसला. तीच हकिकत सकाळी एक सांगते, दुपारी दुसरी सांगते. दुपारपर्यंत तिच्यातला फापटपसारा गळालेला असतो आणि नेमका शेवट सापडलेला असतो. मला विचाराल तर हे पुनर्लेखनच आहे, आणि ते फार चांगल्या प्रतीचं आहे.

या भागातल्या बोली पहिल्यांदा पद्धतशीर छापल्या गेल्या त्याही एका गोष्टीच्याच आधाराने. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. तो भिल्ली आणि खानदेशी बोलींचा. बोलींची तुलना करता यावी म्हणून ग्रियर्सन यांनी सगळ्या देशभर एकच मजकूर नमुन्यासाठी वापरला होता. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून कंगाल झालेला आणि शेवटी घरी परतलेला मुलगा. मावची, पावरी, खानदेशी अशा बोलींतून ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली. हेतू व्याकरणाचा होता. पण कथालेखकाने हा खंड उघडला तर त्याला निराळंच काही दिसेल. गोष्टीचा सांगाडा तोच राहतो, तरी बोली बदलली की बापाचा आवाज बदलतो, थोरल्या भावाची तक्रार बदलते, कुठे थांबायचं तेही बदलतं. खर्डा बदलणं म्हणजे काय, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

आता याच प्रदेशातल्या एका लेखकाकडे वळतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा मागे टाकत गाडी पुढे गेली की अमळनेर येतं. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने शिकवत होते. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं आणि अमळनेर पूर्व खानदेशात. जिल्हे दोन, पण रूळ एकच. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. त्यांच्यातला लेखक मात्र खानदेशात घडला.

‘श्यामची आई’च्या जन्माची हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला लेखन सुरू झालं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपलं. पाच दिवस. या पाच दिवसांचं आपल्याकडे फार कौतुक होतं आणि त्यातून एक घातक समजूत पसरते. खरा लेखक एका झपाट्यात लिहितो, खोडाखोड करत नाही, हृदयातून आलं की कागदावर उतरतंच! नवा लेखक हे ऐकतो आणि पहिल्या खर्ड्याला हात लावायला लाजतो. पहिल्या बैठकीत गोष्ट जमली नाही तर आपल्यात काही नाही असं ठरवून वही बंद करतो.

त्या पाच दिवसांच्या मागे काय होतं ते पाहायला हवं. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी ‘छात्रालय दैनिक’ काढत. हस्तलिखित, रोजचं, मुलांसाठी. एका शिक्षकाने दिवसभराची शाळा, वसतिगृहाची देखरेख, आजारी मुलांची शुश्रूषा हे सगळं उरकून रोज लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्याच तोंडाकडे पाहायचं. १९२८पासून ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू झालं. मुलं कुठे रमतात, कुठे कंटाळतात, कुठल्या वाक्याला डोळे भरून येतात, याचा निकाल इथे रोजच्या रोज लागत होता. लेखनाची याहून कडक शाळा कुठली असणार?

मग धुळ्याचा तुरुंग आला. २१ फेब्रुवारी १९३२पासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं विनोबांनी तिथल्या कैद्यांपुढे केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून आलं. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. विनोबांचं बोलणं दाखल्यांनी भरलेलं, घरगुती, श्रोत्याला हाताला धरून पुढे नेणारं. ते वाहतं बोलणं टिपायचं, आणि टिपताना बोलण्यातली ऊब उडू द्यायची नाही. अठरा रविवार हा सराव झाल्यावर सात-आठ महिन्यांत ‘श्यामची आई’ लिहिली गेली. तिचा साचाही पाहा. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र. सांगण्याची रीतच पुस्तकाची रचना झाली आहे. कागदावरचे दिवस पाच असतील, पण त्याआधीचे खर्डे जिभेवर आणि छात्रालयाच्या रोजच्या पानांवर होऊन गेलेले होते. म्हणून पहिल्याच लेखनात वाक्य इतकं सरळ उतरलं.

खानदेशातलंच दुसरं उदाहरण याच गोष्टीची निराळी बाजू दाखवतं. भालचंद्र नेमाडे सांगवीचे, जन्म १९३८चा. ‘कोसला’ आली १९६३ साली, लेखकाच्या पंचविशीत. तीही जेमतेम पंधरवड्यात झपाट्याने लिहिली गेल्याचं सांगितलं जातं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर बोलत सुटतो आणि वाचक त्याच्यामागे जातो. त्या बोलण्याला कुणी कथानकाची चौकट घातली असती तर ते मेलं असतं. आणि ‘हिंदू’ आली २०१० साली. मधे सत्तेचाळीस वर्षं गेली. त्या काळात ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ आल्या, समीक्षा आली, कविता आल्या. ‘हिंदू’ वर्षानुवर्षं साठत, वाढत राहिली. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या खेड्यातल्या वाड्यापर्यंत जाणारा तो पसारा पंधरवड्यात मांडता येणारा नव्हताच. लेखक तोच, प्रदेश तोच, पण दोन पुस्तकांनी त्याच्याकडून दोन निरनिराळ्या रीती मागितल्या. ‘मी कसा लिहितो’ हे लेखकाने एकदाच ठरवून टाकू नये असं मला वाटतं ते यामुळे. प्रत्येक पुस्तकापुढे तो प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

मराठीत याउलट बोलणारी परंपराही जोरकस आहे. ना. सी. फडके यांनी १९३१मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. कथालेखनाला तंत्र असतं आणि ते शिकता येतं, असं ठामपणे सांगणारं ते पुस्तक. आज त्यातलं बरंच कालबाह्य वाटेल, पण लेखन हे कष्टाने साधायचं काम आहे ही त्यांची भूमिका मला मान्य आहे. रीत मात्र ज्याची त्याची. ह. ना. आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः लिहिली. मागचं प्रकरण वाचकाच्या हातात गेलेलं, ते बदलण्याची सोय नाही, जे सुधारायचं ते पुढच्या प्रकरणात. वि. स. खांडेकर उतारवयात दृष्टी गेल्यावर लेखनिकाला सांगून लिहीत. चित्रकार असलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९मध्ये ‘माणदेशी माणसं’ दिलं आणि १९५५मध्ये ‘बनगरवाडी’. आधी एकेक माणूस निरखून घेतला, मग पुरी वाडी उभी केली. साप्ताहिकाची मुदत, गेलेली दृष्टी, चित्रकाराची नजर अशा अवतीभवतीच्या अडचणींतून आणि देणग्यांतून या रीती निघाल्या. कुणीही आपली रीत दुसऱ्याकडून उसनी आणलेली नाही.

नंदुरबारच्या लेखकाची अडचण भाषेची आहे, आणि देणगीही तीच आहे.

दीनानाथ मनोहर नंदुरबार शहरात राहून कादंबऱ्या लिहीत आले. लष्करातली नोकरी, मग शहाद्याच्या श्रमिक संघटनेचं काम, आणि ‘रोबो’, ‘मन्वंतर’, ‘कबीरा खडा बाजार में’ ही पुस्तकं. लष्कर सोडून आल्यावर, आदिवासींच्या जमिनींच्या लढ्यात वावरत असताना ‘रोबो’सारखी सैनिकाच्या मनाची कादंबरी लिहिली गेली. विषय आणि लेखक यांच्यात हे जे अंतर पडतं, तेही एक संस्करण असतं. याच चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७चा. आमचं दुःख आमच्याऐवजी दुसराच कुणी व्यासपीठावरून सांगतो, ही त्यांच्या कवितेतली तक्रार मला कथालेखनाच्या संदर्भात नेहमी आठवते. खर्डा आपला आणि आवाज दुसऱ्याचा, असं आदिवासी लेखकाच्या बाबतीत पुन्हापुन्हा घडतं. शिकताना शाळेने बोली पुसलेली असते. जे उरतं ते संपादक पुसतो.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू केल्या. तिथे पावरीत वाचनपाठ तयार झाले, गावच्या गोष्टी आणि गाणी लिहून काढली गेली. ज्या गावांची घरं पाण्याखाली जात होती, त्यांच्या मुलांना आपल्या गोष्टी पहिल्यांदा आपल्याच बोलीत छापील दिसल्या. या शाळांविषयी राजकीय चर्चा पुष्कळ झाली. वाङ्मयीन चर्चा फार कमी झाली, आणि ती व्हायला हवी होती. ज्या मुलाने आपली बोली कागदावर पाहिली आहे, तो पुढे लिहायला बसतो तेव्हा पहिलं वाक्य लिहिण्यासाठी त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

छापील मराठीत बोली किती आणि कुठे ठेवायची, याचे नमुने आपल्यापुढे आहेत. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीच्या जवळ राहतं. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त (१९७१) नारबा सगळी कादंबरीच आपल्या बोलीत सांगतो. दोन्ही पुस्तकं उत्तम आहेत. पण वऱ्हाडी आणि कोल्हापुरी बोली प्रमाण मराठीच्या वाचकाला थोड्या कष्टाने कळतात. पावरी कळत नाही. म्हणून नंदुरबारच्या लेखकाला तिसरी वाट काढावी लागते, आणि ती पुनर्लेखनातूनच निघते.

मला जी वाट योग्य वाटते ती सांगतो. गोष्ट आधी घरच्या बोलीत एखाद्याला सांगावी. आईला, भावाला, शेतावरच्या गड्याला, कुणालाही. पण माणूस समोर हवा आणि त्याने हुंकार भरायला हवा. लहानपणी गोष्ट सांगताना आजी मधूनच ‘हं म्हण’ असं बजावायची ते मूल झोपलं की जागं आहे हे कळावं म्हणून. लेखकालाही तेवढंच कळायला हवं असतं. हुंकार जिथे मंदावतो तिथे कथेत काहीतरी फाजील आहे. जिथे ऐकणारा ‘मग?’ विचारतो तिथे कथा जिवंत आहे. सांगून झाल्यावर लगेच, त्याच बोलीत, देवनागरीत लिहून काढावं. शुद्धलेखनाची चिंता नको, कारण त्या बोलीचं शुद्धलेखन अजून कुणी ठरवलेलं नाही. हा पहिला खर्डा छापण्यासाठी नसतो. तो लेखकाचा ठेवा असतो आणि तो कधीही फेकू नये.

दुसरा खर्डा मराठीत. इथे भाषांतर करू नये. पहिली वही मिटून बाजूला ठेवावी आणि तीच गोष्ट मराठी समजणाऱ्या माणसाला सांगतो आहोत अशी लिहावी. ग्रियर्सनच्या खंडातल्या उधळ्या मुलासारखी ती आपोआप बदलेल. काही जागा मराठीत येणारच नाहीत. नात्याची एखादी हाक, शिवी, देवाचं नाव, झाडाचं नाव, रुसव्याचा सूर. त्या तशाच राहू द्याव्यात. तळटीप देण्याआधी पाहावं की प्रसंगातूनच अर्थ कळतो का. बहुतेक वेळा कळतो.

मग काही काळ जाऊ द्यावा. तो किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. शेतीचा हंगाम आड येत असेल तर येऊ द्यावा. इथल्या अनेक घरांतली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिकडून परतल्यावर जुनी वही उघडली तर तिच्यातलं खोटं चटकन दिसतं. तिसऱ्या वेळी दोन्ही खर्डे समोर घ्यावेत आणि मोठ्याने वाचावेत. मराठी खर्डा जिथे नटला असेल, पेपरातल्यासारखा बोलू लागला असेल, तिथे बोलीतल्या खर्ड्याला विचारावं की तू हे कसं सांगितलं होतंस. जवळपास प्रत्येक वेळी त्याचं वाक्य आखूड निघतं आणि खरंही.

आफ्रिकेतल्या दोन लेखकांनी आपली ही अडचण आपल्याआधी सोडवली आहे. नायजेरियाचे आमोस तुतुओला यांची ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ लंडनच्या फेबर अँड फेबरने १९५२मध्ये छापली. पहिला खर्डा त्यांनी अगदी थोड्या दिवसांत लिहिला आणि पुढचे महिने तो वाढवण्यात घालवले. योरुबा गोष्टी सांगण्याची ढब त्यांच्या इंग्रजीत जशीच्या तशी उतरली होती. प्रकाशकाने ती इंग्रजी बरीचशी तशीच ठेवली. त्यांच्याच देशातल्या काही शिकलेल्या लोकांना मात्र तिची लाज वाटली. आज ते पुस्तक आफ्रिकी कादंबरीच्या आरंभाशी उभं आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो १९७८मध्ये तुरुंगात होते. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू भाषेत ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ लिहिली. पुस्तक आल्यावर लोक घरांत आणि बारमध्ये ते मोठ्याने वाचून एकमेकांना ऐकवत. तुरुंगातून आलेलं आणि ऐकण्यासाठीच लिहिलेलं पुस्तक म्हटल्यावर खानदेशच्या माणसाला दुसरं कुठलं पुस्तक आठवेल, हे सांगायला नको.

आता संपादकांविषयी, कारण हा लेख दिवाळी अंकात येतो आहे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं मोठं पीक याच अंकांतून आलं आहे. मौजेचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रं लिहीत, शंका विचारत, कथा परत पाठवत आणि पुन्हा मागवत. त्यांच्या अभिरुचीवर टीका झाली. १९६९मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळीही केली. त्या टीकेत तथ्य होतं. पण लेखकाच्या खर्ड्याला इतका वेळ देण्याची ती रीत बंद पडली, हे नुकसान मोठं आहे. आज कथा येते, छापली जाते किंवा छापली जात नाही. मधला संवाद उरलेला नाही. शहरातल्या लेखकाला तो मित्रमंडळात मिळतो. तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या लेखकाला तो कुठून मिळणार?

म्हणून माझी दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे. पुढच्या वर्षी नंदुरबार, धडगाव, नवापूरहून एखादी कथा आली आणि तिची वाक्यं वाकडी वाटली, तर लाल पेन घेण्याआधी ती मोठ्याने वाचा. तरीही अडलं, तर लेखकाला फोन करा आणि ‘हे तुमच्या बोलीत कसं म्हणाल?’ एवढं विचारा. त्याच्याकडे पहिला खर्डा असेल तर तोही मागवून घ्या. आणि जमलं तर एखाद्या वर्षी अंकात दोन्ही शेजारीशेजारी छापा, डावीकडे पावरी किंवा मावची आणि उजवीकडे मराठी.